कोळणीचा अंगठा

पाचूबंदरच्या त्या कोळणीला गिऱ्हाइकाने मासळीला हात लावलेला खपत नसे. पापलेट ताजं की शिळं, ते तिचा अंगठा सांगे; दाबल्यावर खळगा लगेच भरून आला तरच ताजं. मग कॅन्सरच्या औषधाने तिची बोटं बधिर झाली. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून तिने मला कारण विचारलं.

मी म्हटलं, "नसांच्या पेशींत बारीक नळ्या असतात. त्यांच्यावरूनच सगळा माल पार बोटांच्या टोकापर्यंत जातो. औषध गाठीबरोबर त्या नळ्याही बिघडवतं."

"म्हंजे होडी भरलेली, पन बंदराला लागत नाय," ती म्हणाली.

काल तिने एक पापलेट माझ्यापुढे धरलं. "बाय, तूच दाबून बघ. ताजं हाय ना?"

माझं बोट रुतलं. खळगा तसाच राहिला.

"ताजं आहे," मी म्हणाले आणि पिशवी उघडली.