रुपालीचा रिपोर्ट आणि चौतीस गुण

अकोल्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझं काम एवढंच: रेटिनाचा आजार आनुवंशिक वाटला, की घराण्याचं झाड काढायचं आणि जीनच्या टेस्टसाठी रक्त पाठवायचं. किस्से शोधायला मी कुठे जात नाही, ते चपला काढून आत येतात! पातूरच्या एका घराने तर मला वर्षभर पुरवले.

*

रुपालीला अंधारात दिसेनासं झालं होतं. लग्न ठरलेलं. आजोबा देवराव ठासून म्हणाले, "आमच्या खानदानात असं कोणालेच नाई!"

"तुमची बहीण?"

"ते दिवे लागले का भित धरून चाले. पन ते तिची सवय होती!"

याच बहिणीचा मुलगा देवरावांचा जावई, म्हणजे रुपालीचे वडील. मी म्हटलं, "मामाचीच मुलगी केली?"

"मंग! पोरगी परक्या घरात कावून द्याची?"

*

रक्त द्यायला रुपाली आणि आईवडील एवढेच या म्हटलं होतं. जीपभर माणसं उतरली! बाही वर करून बसलेल्या एकाला विचारलं, "तुम्ही रुपालीचे कोण?"

"ड्रायव्हर. पन सकाळपासून यांच्याचसंग हाय न मी!"

*

रिपोर्टला वेळ लागला. देवरावांचा फोन, "मॅडम, रक्त कमी पडलं असंन तं आखीन देतो. लाजू नका!"

*

रिपोर्ट आला. दोष आईकडूनही आला होता, वडिलांकडूनही. रुपाली म्हणाली, "सरळ सांगा."

"नजर हळूहळू कमी होईल. किती, कधी, ते सांगता येत नाही."

मला फार वाईट वाटलं. तिने तिथूनच नवऱ्या मुलाला, नीलेशला, फोन लावून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो वडिलांना घेऊन हजर. "माझंबी रक्त घ्या."

*

त्याच्यात तो दोष निघाला नाही. मी आनंदाने सांगितलं, "दोघांचं जुळत नाही!"

त्याच्या वडिलांचं तोंड उतरलं. "पत्रिकेत चौतीस गुन जुळले, अन् इथं एकबी नाई? मंग लगन कसं कराचं?"

इथे न जुळणंच चांगलं, मुलांना हा आजार होणार नाही, हे समजावण्यात माझा चहा थंड झाला.

*

मुहूर्त काढायला मलाही बोलावलं. महाराजांनी गोरज सांगितला, ऐन दिवेलागणीचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. नीलेश तेवढा अडून बसला.

"भर दुपारचा काढा महाराज. अंतरपाट खाली झाला का तिले मी दिसलो पायजे."

देवराव धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले.

रुपाली म्हणाली, "पायलं हाय मी तुले. उजेडातबी काई खास नाई दिसत!"