सातवा कागद

माझी आत्या धूळ गोळा करते. कागदोपत्री त्याला हवेची तपासणी म्हणतात. मोठ्या रस्त्याचं रुंदीकरण चाललंय, त्याला लागून शाळा आहे. शाळेच्या गच्चीवर एक यंत्र आहे. आत्या चिमट्याने त्यात पांढरे गोल कागद बसवते, काळे झाले की काढून वजनासाठी लॅबला नेते. खालून रस्त्याचा सुपरवायझर रोज ओरडतो, "ताई, धूळ कसली, विकासाची पावडर आहे ही! लावा थोडी गालाला!"

"आधी तुमच्या पोरांना लावा," आत्या जिन्यातूनच.

शाळेच्या भिंतीला खेटून खडी फोडायचं मशीन आहे. सलग दोन महिने आकडे वाईट आले, तरच ते हलणार. आकडे वाईटच येत होते, पण धरले जात नव्हते. कारण सातवा कागद. सहा कागद यंत्रात चढतात, सातवा नुसता सोबत जातो आणि कोराच परत येतो. त्याचं वजन कणभरही वाढलं तर धूळ हवेतली नाही, वाटेत लागलेली, असं धरून बाकीचे सहा रद्द.

सातवा दोन महिने वाढत होता.

लॅबमधल्या साहेबांना आम्ही 'दशांश' म्हणतो. चहाला 'हो' म्हणायच्या आधीही ते चार दशांशांपर्यंत विचार करतात. ते म्हणाले, "मॅडम, या कागदाला कुणीतरी शिवतंय."

"कुणी?"

"तेच तर म्हणतोय मी. कुणी?"

आत्या घरी आली ती पांढरीफटक. हातमोजे बदलले, कागदांचा डबा बदलला. तरी सातवा वाढलाच. मग दशांशांनी तिच्या खांद्यावरची पिशवी मागितली.

"पिशवी नको. डबा बघा."

"डबा बघून झाला, मॅडम."

त्यांनी पिशवी पांढऱ्या कागदावर हलकेच झटकली. काळी भुकटी पडली. त्यांनी ती भिंगाखाली धरली. "डांबर आहे. पण या रस्त्यावर डांबर अजून आलंच नाही."

आतोबा रोडरोलर चालवायचे. एकोणीस वर्षं त्यांचा जेवणाचा डबा याच पिशवीतून जायचा. ते जाऊन चार वर्षं झाली, पण पिशवीला पाणी लागलेलं नव्हतं. "हिच्यात कागद चुरगळत नाहीत," असं आत्या आम्हाला सांगायची, आणि आम्ही मान डोलवायचो.

"नोंदीत कारण काय लिहू?" दशांशांनी विचारलं.

"यजमान," आत्या म्हणाली.

त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी 'पिशवी' लिहिलं.

आत्याने ती स्वतः धुतली. कुणाला हात लावू दिला नाही. चौथं पाणीही करडंच निघालं. पाचवं तिने नुसतं बघत वाहू दिलं.

पुढच्या महिन्यात दशांशांचा फोन आला. आवाज इतका मोठा की आम्हालाही ऐकू येत होता. "शून्य, मॅडम! सातवा जसाच्या तसा! सहाही धरले! आता एकच महिना, की मशीन हललंच समजा!"

आत्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काहीच नाही?" ती म्हणाली. "परत एकदा मोजा ना."