भातावर ढकललेलं मरण

ती गाय भाताने मेली नव्हती, हे मी आज लिहून ठेवतो.

पनवेलला मी जनावरांचा डॉक्टर होतो. कामोठ्याच्या जुन्या गावाभोवती तेव्हा इमारती उठत होत्या आणि गावची जनावरं त्यांच्यामधल्याच मोकळ्या जागेत चरत. एका घरची गाय व्यायल्यावर पाचव्या दिवशी चारा सोडून बसली. मी गेलो तेव्हा ती पाठ कमानीसारखी करून उभी होती. थोडा ताप होता. मी हात लावायच्या आधीच म्हातारी म्हणाली, "सुनेला इचारा. व्यायल्या गाईला गूळभात देतात, पन टोपभर? हिनं म्हायेरी कवा गाय बघितली असंल तर ना!"

"चार मुठी दिला, आत्या," सून म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "डाक्टर, ती उतारावर पाऊल टाकत नाय. कण्हते."

उतारावर कण्हणारी गाय म्हणजे पोटात तार किंवा खिळा, हे आम्हाला शिकवलेलं असतं. खांद्यामागची कातडी चिमटीत दाबायची आणि ती कण्हते का ऐकायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण म्हातारीचं निदान आयतं होतं. मी खाण्याचा सोडा पाजला आणि सांगितलं, "रोज फिरवा."

सुनेने तिला आठवडाभर फिरवलं. मग गळ्याखाली सूज उतरली, मानेची शीर दोरीसारखी फुगली. ती बघताच मला कळलं. दुपारी गाय गेली.

मीच चिरली. सळया बांधायची तार, बोटाएवढी, पोटातून थेट हृदयात शिरली होती. वेणांनी ती पुढे सरकली असणार. उरलेलं माझ्या फिरवण्याने झालं.

म्हातारी नाकाला पदर लावून लांब उभी होती. "भातच ना, डाक्टर?"

मी तार मुठीत घेतली. "हं," म्हणालो.

पुढे लस टोचायला त्या घरी जायचो. सुनेला गोठ्याबाहेरच ठेवलेलं असे. "हिचा हात लागला का जनावर जातं," म्हातारी माझ्यादेखत म्हणायची. मी खाली मान घालून सुई भरायचो.

निवृत्तीनंतर सून मला एसटी स्टँडवर भेटली. केस पिकले होते. तुझ्या भाताने नाही, तारेने गेली, हे मी तिला सांगून टाकलं.

"आता सांगता?" ती म्हणाली. "पोरगी बाळंत झाली माजी. तिला घास भरवायला हात धजला नाय."