जिल्हा चषकाचे कागद

आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले ती राहिलेच. ही वही कोणाला दाखवायची नाही. पण तोंडाने सांगायला गेलं की मला शब्द फुटत नाहीत, म्हणून झालं ते लिहून ठेवते.

आमचे हे इथे जपानात एदोगावा भागातल्या एका भारतीय हॉटेलात आचारी आहेत. मुलगी शाळेत जायला लागली तसं मीही व्हिसाच्या परवान्यात बसतात तेवढे तास काम धरलं. स्टेशनच्या मागच्या गल्लीत सहा टेबलांची खानावळ. मालक म्हातारे, मूळचे पोर्तुगालचे. तरुणपणी जहाजावर नोकरीला होते, योकोहामाला उतरले आणि इथलीच बायको करून राहिले. गिऱ्हाइकं त्यांना मास्टर म्हणतात, म्हणून मीही मास्टर म्हणते. त्यांच्या बायकोला ओकुसान. मी बटाटे सोलायचे, भांडी घासायची, खारा मासा भिजत घालायचा. बोलणं जपानीत, त्यांची पक्की, माझी मोडकी. पहिले सहा महिने मी "हो" आणि "माफ करा" याच्या पलीकडे गेले नाही.

एकदा मास्टर फोनवर सामना बघत होते. चेंडू बारच्या वरून गेला आणि माझ्या तोंडून "अरेरे" निघालं.

"तुला काय कळतं फुटबॉलमधलं?" ते म्हणाले.

"माझे वडील गोलकीपर होते. आमच्या कोल्हापुरात तालमींचे संघ असतात."

"तालीम म्हणजे?"

"कुस्तीची जागा. पण फुटबॉलचा संघही तिचाच. पेठापेठांची भांडणं मैदानावर काढतात."

मास्टरनी फोन खाली ठेवला. "म्हणजे थेट आमच्यासारखंच की!"

त्या दिवसापासून मी बटाटे सोलायची आणि ते पोर्तुगालमधल्या त्यांच्या जिल्ह्याच्या चषकाच्या गोष्टी सांगायचे. मोठ्या शहरांचे नावाजलेले संघ त्यात नसतात. गावागावांचे क्लब, खेळणारे पाववाले, गवंडी, बुचाच्या झाडांची साल काढणारे. पहिला चषक एका घड्याळजीने दिला होता, वरून चांदीचं पाणी आणि आत साधा पत्रा. एका वर्षी पाहुण्या संघाची गाडी घाटात बंद पडली, नऊच जण चालत पोचले आणि जिंकून गेले. मैदानात गवत नव्हतं, पडलं की गुडघे सोलायचे. मग गावची पोरं सैन्यात भरती करून आफ्रिकेला लढायला धाडली आणि काही वर्षं चषक झालाच नाही. मास्टर दोनदा अंतिम सामना खेळले आणि दोन्ही वेळा हरले. ते हरल्याचंही इतकं रंगवून सांगायचे की ओकुसान आतून ओरडायच्या, "पुरे आता, आज तरी जिंका!"

दीड वर्षापूर्वी त्यांच्या जिल्ह्याच्या लोकांनी चषकाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं. सुरुवातीच्या वर्षांचं माहीत असलेले फार थोडे उरले होते, म्हणून तो भाग मास्टरकडे आला. त्यांच्या बहिणीने वर्षानुवर्षं पाठवलेली वर्तमानपत्रं माळ्यावर होती. ती त्यांनी एका रात्री, दुसऱ्या दिवशी दुपारी वाचायला म्हणून खाली आणून ठेवली.

इथे महापालिकेची गाडी रद्दी न्यायला येते तो वार ठरलेला असतो. वर्तमानपत्रं उभी-आडवी सुतळी मारून बांधायची आणि सकाळी ठरलेल्या जागी ठेवायची. दुसऱ्या दिवशी नेमका तोच वार होता. मी आले तर दाराशी पिवळ्या पडलेल्या कागदांचे दोन गठ्ठे, उभी-आडवी सुतळी, गाठ अगदी व्यवस्थित. अशी सुतळी बांधून दाराशी ठेवलेलं काही जपायचंही असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी दोन्ही गठ्ठे उचलून कोपऱ्यावर नेऊन ठेवले. वर आणि गठ्ठे सरळ केले, सुतळी घट्ट केली.

दहा वाजता मास्टर खाली आले आणि दाराशी बघत उभे राहिले. मला लगेच समजलं. कोपऱ्यापर्यंत धावले. गाडी येऊन गेली होती. ओकुसाननी महापालिकेला फोन केला, पण कागद केव्हाच दुसऱ्या गठ्ठ्यांत मिसळले होते.

मी एप्रन काढला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं. आमचे हे म्हणाले, "न जाऊन कागद परत येणार आहेत का? जा. काय बोलतील ते ऐकून घे."

गेले. मास्टर टेबलाशी कोरी वही घेऊन बसले होते.

"सुतळी कोणी बांधली?" त्यांनी विचारलं.

"मास्टर, मी..."

"मी बांधली," ते म्हणाले. "दाराशी कोणी ठेवले? मीच."

ओकुसान म्हणाल्या, "इतक्या वर्षांत यांनी पहिल्यांदा गठ्ठा धड बांधला. एरवी मी ओरडत असते."

मला रडू आलं. मास्टरनी खुर्ची पुढे सरकवली. "बस. पहिला अंतिम सामना मी किती वेळा सांगितलाय?"

"पुष्कळ वेळा."

"मग तू सांग."

मला वाण्याची यादीसुद्धा लिहून न्यायची सवय नाही. ऐकलेलं डोक्यात राहतं. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. कधी ते चुकायचे. "त्या वर्षी आम्ही दोन गोलांनी हरलो." मी म्हणायची, "नाही मास्टर, एकाने. तुमचा बरोबरीचा गोल पंचाने दिला नाही, म्हणून तुमच्या काकांनी त्याला छत्री मारली." ते कपाळावर हात मारून घ्यायचे. असे दोन महिने आम्ही रोज दुपारी बसलो. एवढं सलग मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते.

पण आठवणीवर सगळं भागेना. कोणी कोणाला किती गोलांनी हरवलं, हे पुस्तकात चुकून चालणार नव्हतं. तिथल्या वाचनालयाकडून जुन्या अंकांच्या प्रती मागवाव्या लागल्या. टपालासह चोवीस हजार येन झाले. मास्टरनी भरले. मी म्हटलं, हे मी देणार. ते म्हणाले, "वेडी आहेस का?" ओकुसान त्यांना बाजूला सारून म्हणाल्या, "घ्या. नाहीतर ही आपल्यासमोर मान वर करणार नाही." मग दर आठवड्याला पाचशे येनचं एक नाणं ठरलं. कधीमधी आठवडा चुकला, मुलीच्या आजारपणात महिनाभर दिलंच नाही. कोणी आठवणसुद्धा करून दिली नाही.

प्रती आल्या. माझ्या आठवणीतले दोन आकडे चुकीचे निघाले, मास्टरचे सात. मजकूर वेळेत गेला. पुस्तक आलं तेव्हा मास्टरनी एक ओळ जपानीत करून सांगितली: ही पानं माझ्या स्वयंपाकघरात एका कोल्हापूरच्या बाईंच्या मदतीने लिहिली. माझं नाव घालू नका, असं मीच सांगितलं होतं. तरी ती ओळ ऐकून मी उठून नळ सोडला आणि स्वच्छ भांडी परत घासली.

ही माणसं मला एकही वाकडा शब्द बोलली नाहीत. उलट त्यांनी मला बोलायला लावलं. त्याचे पैसे देता येत नाहीत, हे मला कळतं.

गेल्या शुक्रवारी शेवटचं नाणं दिलं. ओकुसाननी कॅलेंडरच्या मागे दर नाण्याला एक अशा केलेल्या खुणा मोजल्या, अठ्ठेचाळीस भरल्या. त्यांनी पावती लिहिली, लाल शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. मीही दोन्ही हातांनी घेतली. चोवीस हजार येन पूर्ण फिटले.