शेवटचा घास मागच्यांचा

मांजरसुंब्याच्या फाट्यावर आम्ही पुण्याच्या गाडीची वाट बघत उभे होतो. दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी आणि यांच्या काखेत पोळपाट-लाटण्याचं गाठोडं. गाण्याच्या मेळातल्या चौघी लिंबागणेशहून जीपनं मला घालवायला आल्या होत्या. गिरजानं खंजिरी आणली होती. गाडी दिसली तशी तिनं ती दोनदा वाजवली आणि थांबली. गाणं काही कुणी उचललं नाही. आत्याबाई, पहिली ओळ तुम्ही उचलायच्या, आणि तुम्ही आला नव्हता.

हे तुम्हालाच लिहिते आहे. पाठवणार मात्र नाही. तुम्हाला वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी मोठ्यानं वाचून दाखवावं असं हे नाही. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. पण तोंडानं जे बोलता येत नाही, ते वहीत जरा तरी येतं.

तुम्ही माझ्या चुलतसासू. लग्न होऊन आले तेव्हा मी घरात कुणाशी मान वर करून बोलत नव्हते. चुलीपुढे गुणगुणताना तुम्ही ऐकलं आणि हळदीची गाणी म्हणायला मेळात घेऊन गेलात. मी लोकांकडे पाठ करून, आपल्या बायांकडे तोंड करून गायचे. मांडवात हसायचे सगळे. तुम्ही म्हणायच्या, "हसू द्या. तोंड कुठं का आसंना, गळा पोचला म्हंजे झालं."

मेळाची रीतही तुम्हीच शिकवली. पुढचीनं ओळ म्हणायची, पण शेवटचे दोन शब्द सोडायचे. ते मागच्या उचलतात. पहिल्यांदा मला पुढं केलं तेव्हा मी सगळी ओळ म्हणून टाकली. तुम्ही भर मांडवात माझ्या पाठीत गुद्दा घातला. "सगळी वळ एकटीच खाती का गं? शेवटचा घास मागच्यांचा आसतो." तेव्हापासून माझा गळा दोन शब्द आधीच थांबतो.

मग यांना पुण्यात शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली. तुमचा आवाज तेव्हा बसत चालला होता. सिरसाळ्याच्या लग्नाचं बोलावणं आपण घेतलं होतं, तिथून पुढं मी तुमच्या जागी उभी राहणार होते. जायचं ठरून पंधरा दिवस झाले तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. रोज तुमच्या दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. शेवटी तुम्हाला ते दुसरीकडूनच कळलं. मी आले तेव्हा तुम्ही शेंगा फोडत बसला होता. वर बघितलंही नाही.

"आता कावून आलीस? गळा तुझा हाय, घिऊन जा. मेळ माझा हाय, त्यो हितंच ऱ्हाईल."

त्याला दोन वर्षं झाली. आपलं बोलणं तेवढंच शेवटचं.

इथं आमची एक खोली आहे. शेजारचं दार कायम बंद असतं. भिंत पातळ म्हणून मी घरात गात नाही. मी पोळी केंद्रात कामाला जाते. तिथं धूर ओढायचा पंखा एवढा मोठा की त्याच्या आवाजाखाली काहीही म्हटलं तरी कुणाला कळत नाही. म्हणून तिथं म्हणायचे. एकदा लाईट गेली, पंखा बंद पडला आणि माझा आवाज तेवढा उरला. मी जीभ चावली. पण मालकीणबाईंनी ऐकलं होतं. त्यांच्या भावाचा स्टुडिओ आहे. तुमच्या गावाकडच्या गाण्यांचा अल्बम करू, असं ते म्हणाले. मी नाही म्हणायला आठ दिवस लावले, तोवर यांनी हो सांगून टाकलं.

स्टुडिओ म्हणजे फ्रिजसारखं जाड दार आणि आत एक माईक. मी भिंतीकडे तोंड केलं. मालकीणबाईंच्या भावाला सगळे सर म्हणत; त्यांनी माईक तिकडेच फिरवला. मी ओळ म्हटली आणि थांबले.

"ताई, शब्द विसरलात का?"

"न्हाई सर."

परत म्हटली, परत थांबले. असं सात वेळा झालं. मग खाली बघून त्यांना मेळाची रीत सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरसला तीन मुली बोलावल्या. गुणाच्या होत्या. कागदावर बघून स्वच्छ म्हणत होत्या. पण आपली गिरजा माझा श्वास बघून उचलायची, त्या सरांचा हात बघून उचलत होत्या. मी म्हटलं, माझं मीच म्हणते.

पाच गाण्यांत शेवटचे शब्द मीच म्हटले आहेत. हेडफोनमध्ये माझ्याच आवाजाला माझाच आवाज साथ देत होता. आपणच आपल्याला आग्रह करून वाढावं, तसं वाटलं.

सहावं गाणं लेक सासरी निघतानाचं. "येशीपाशी थांबव गाडी, लेकीला मागं वळू दे." त्यातलं "वळू दे" मला म्हणता येईना. फाटा डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, सर, एवढी जागा मोकळी ठेवा.

"लोकांना वाटेल रेकॉर्डिंग खराब आहे."

"वाटू द्या."

एवढं ठाम मी जन्मात कुणाला बोलले नव्हते. त्यांनी तिथं नुसती खंजिरी ठेवली.

अल्बम फोनवर आला. वर पदर घेतलेला माझा फोटो आणि माझं एकटीचं नाव. हे दुसऱ्या ड्रायव्हरांना दाखवत फिरले. मला मात्र भर बाजारात एकटीनंच उभं केल्यासारखं झालं. लिंक गिरजाला पाठवली आणि चार दिवस फोन उलटा घालून ठेवला.

पाचव्या दिवशी गिरजाचाच फोन आला. तुमच्या ओट्यावर बसून सगळ्यांनी ऐकलं म्हणाली.

"आत्याबाई काय म्हनल्या?"

"पाच गाणी हुस्तवर गप. मंग म्हनल्या, लई गोड हाय, पर सगळं एकटीनंच खाल्लंय."

"आन साव्वं?"

"तू मधीच थांबलीस. मला वाटलं फोनच बंद पडला माझा. तवर म्हातारीनं उचललं, 'वळू दे'. आवाज कसला, नुसती हवा! मंग आमी सगळ्यांनी उचललं."

"त्यांना दे की फोन."

"देत हुते, तर उठून आत गेल्या. जाता जाता म्हनल्या, सांजच्याला पुन्ना लाव."

गिरजा अजून काहीबाही सांगत होती. मला पुढचं ऐकू आलं नाही.

मालकीणबाई आता दुपारी ते गाणं केंद्रात लावतात. डबा न्यायला आलेली माणसं म्हणतात, मध्येच आवाज जातोय. मी पोळी उलटते, काही सांगत नाही. घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर हे इथला पत्ता सांगतात, मीही तोच सांगते. पण आत्याबाई, त्या गाण्यात दोन शब्दांपुरती जागा आहे, तिथं तुम्ही सगळ्या ओट्यावर बसलेल्या असता. गावात ती जागा रोज सांजच्याला भरते. मी इथं ऐकते तेव्हा तिथं नुसती खंजिरी वाजते, आणि तीही गिरजाची नाही.