ओल्या चुन्याचा रंग

डोळे गेले ते पेडगावच्या गवंड्याचे. उजवा पुरता, डावा अर्धा. केव्हा, तर नामविस्ताराची घोषणा झाली त्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी, परभणीला, कृषी विद्यापीठाच्या आमच्या मोठ्या वसतिगृहाच्या अंगणात. हे आधी सांगतो, कारण कागदावर ‘कामात चुना उडाला’ असं लिहिलंय. चुना उडाला नाही. ओतला.

मी तिथंच राहत होतो. पालमचा, बौद्ध घरातला, पत्रकं लिहून वाटणारा. इमारत निजामाच्या काळातली, दगडी, तीन मजली. मधे कुणी तरी तिला सिमेंट फासलं आणि आत ओल कोंडून भिंती सडल्या. म्हणून सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावायचा, मोडक्या छताचं सागवान खिडक्यांना वापरायचं आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी अंगणातल्या झाकणाच्या हौदात साठवायचं, असं काम चाललं होतं. पहिल्याच पावसाळ्यात हौद गच्च भरला होता.

गवंडी आमच्यातलाच. पन्नाशीचा, तोंडाळ. बायको खाली चुना चाळायची. मला म्हणायचा, “साहेब, तुमचं पत्रक वाळलं की लोक फेकून देतात. माझा चुना वाळला की मगच दिसतो.”

पांढरा उठून दिसावा म्हणून चुन्यात नीळ घालतात, आई धोतराला घालते तीच. भिंतीवर मारलेला चुन्याचा हात ओला असताना निळसर दिसतो, वाळला की पांढराशुभ्र. त्या दिवशीची भिंत मेसच्या धुरानं काळी पडलेली, म्हणून त्यानं नीळ जरा जास्तच घातली होती.

दहा-पंधरा जण फाटकातून आत आले. हॉकी स्टिका, सायकलच्या चेना. बहुतेक गावातले, पण पुढं होता तो माझ्या शेजारच्या खोलीतला, राणीसावरगावचा. एका टेबलावर जेवायचो आम्ही. वसतिगृह निळं करायलेत, अशी हाकाटी आधीच उठली होती. त्यानं शिडीखाली उभं राहून विचारलं, “कुणाला इचारून निळा रंग द्यायलास रे?”

गवंडी वरून हसला. “मालक, नीळ हाय ती. दुपारपर्यंत थांबा, तुमच्या सदऱ्यावानी पांढरी व्हईल.”

त्यांनी शिडीला लाथ घातली. तो दगडावर पाठीवर पडला. पाठीत, गुडघ्यांवर स्टिका बसू लागल्या. दोघांनी त्याचे हात दाबून धरले, एकानं केस ओढून तोंड वर केलं आणि राणीसावरगावच्यानं चुन्याची बादली त्याच्या उघड्या डोळ्यांत ओतली. मी धावलो तर चेन तोंडावर बसली, पुढचे दोन दात गेले. रक्त थुंकत मी पाणी पाणी ओरडत होतो. नळ बंद होते, पाइप बदलायचे चालले होते. पाणी फक्त हौदात, आणि हौदाच्या झाकणावर त्यांच्यातले तिघं जण उभे.

“ह्या हौदाला तुमचा हात लागणार न्हाई,” राणीसावरगावचा म्हणाला.

तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या पोरांनी भरल्या होत्या. एक जण दात घासत होता. खाली कुणी आलं नाही.

आली ती त्याची बायको. लोखंडी घमेलं उचलून तिनं झाकणावरच्या एकाच्या नडगीवर घातलं. तो कोसळला, बाकीचे मागं सरले, तिनं झाकण ओढलं. ती घमेल्यानं पाणी काढून नवऱ्याचे डोळे धूत होती आणि तिच्या पाठीत लाथा बसत होत्या. ती हलली नाही. डावा डोळा अर्धा राहिला तो तिच्यामुळं.

दमले तेव्हा गेले. हवालदार दुपारनंतर आला, तोवर भिंत वाळून पांढरीफटक झाली होती. “कुठाय निळा?” त्यानं विचारलं, आणि अपघात लिहून घेतला.

गवंड्यानं जबाब दिला, तर म्हणतात, आंधळ्याला काय दिसलं? बायको घरचंच माणूस. आणि मी पत्रकवाला, आमचं कोण ऐकतं?

म्हणून तुम्हाला सांगतोय. गॅलरीत होता तुम्ही. परीक्षा झाल्या, आपापल्या गावी गेलात, कैऱ्या खात बसला असाल. एस.टी. धरा, परभणीला या. ठाण्यात चला, मी बरोबर येतो. बादली कुणी ओतली आणि झाकणावर कोण उभं होतं, ते नावानिशी सांगा आणि खाली सही करा.