एक साखरेची, दोन बिनसाखरेच्या

पुण्याहून अक्का इकडे तमिळ मुलखात, आमच्या घरी सुट्टीला आली की अप्पांचं वय दहा वर्षांनी उतरतं. मी त्यांची धाकटी लेक. घर, शाळेतली नोकरी आणि अप्पांचं मधुमेहाचं पथ्य बारा महिने मीच सांभाळते, तेव्हा मात्र त्यांचे गुडघे दुखत असतात. त्या दिवशी सकाळी सातलाच ते वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, नेसून दारात उभे. माझा जळफळाट तिथूनच सुरू झाला.

आमच्या घरची रीत अशी, की हॉटेलात सगळ्यांचं खाणं अप्पाच सांगतात, बाकीच्यांनी गप्प बसायचं. पण त्या सकाळी नाश्त्याला बसल्यावर अक्काला त्यांनी आपल्या इकडच्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं, "तुज काय पाहिजे गे?" तिने तुपातला डोसा मागितला, वर पोंगल. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी वेटरला तमिळमध्ये सांगितलं, आम्हा दोघांना इडली. इडलीशी माझं वाकडं नाही. पण विचारायला काय जात होतं?

तिथून तिरुभुवनमला, रेशमी साड्या बघायला. अक्का एकेक पदर खांद्यावर टाकून आरशापुढे, आणि अप्पा तासभर न कंटाळता रंग सुचवताहेत. मी पिशव्या धरून बसलेली.

"तूही घे की एक," अक्का म्हणाली. मनापासून म्हणाली, म्हणून जास्तच राग आला.

"शाळेत काय रेशीम नेसून जाऊ?" मी फणकारले.

"तिज नको असेल," अप्पा म्हणाले. विषय संपला.

गावात परतून कुंभेश्वराचं देऊळ झालं, समयांची दुकानं पालथी घालून झाली, आणि शेवटी आम्ही कॉफीला टेकलो. अप्पांनी ऑर्डर दिली. एक साखरेची, दोन बिनसाखरेच्या. दोन! मला मधुमेह नाही. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली तेव्हा त्यांना एकटं वाटू नये म्हणून मीही सोडली होती, चार दिवसांपुरती. त्याला सहा वर्षं झाली.

"मला साखर पाहिजे," मी म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

अप्पा गोंधळले. "तुज? तू सोडलीस की माझ्यासंगे. तू पितेस म्हणून तर मज ही कडू पिववते."

तरी मी माघार घेतली नाही. साखरेची आली. पहिला घोट घेतला आणि डोळेच मिटले. उघडले तर अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी आपला टंबलर बाजूला सारला आणि वेटरला हाक मारून स्वतःसाठीही साखरेची मागवली.

"पिऊ दे गे एक दिवस," अक्का हसत म्हणाली. तिला काय, परवा ती गाडीत बसणार होती.

मी वेटरला थांबवलं. त्यांना काही नको म्हटलं, माझी कॉफी त्याच्या हातात परत दिली आणि बिनसाखरेची आणायला सांगितलं. ती येईपर्यंत अप्पा थांबले. मग त्यांनी आपला टंबलर उचलला, मी माझा उचलला. अक्का मात्र आपली साखरेची शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.